यात 'द' लागतो का?

एखाद्याला इंग्रजी येतं असा सोसायटीत बोभाटा झाला की त्याची दुपारची झोप संपली. कोथरूडात तर नक्कीच. कुणाची नोटीस, कुणाच्या नातवाचा निबंध. "काका, एकच मिनिट. इथे 'अ' की 'ॲन'?" उत्तर एका शब्दात हवं असतं. मी कारण सांगायला घेतलं की पलीकडून "बरं, बरं" सुरू होतं.

खरा घोळ शाळेतल्या पाठांतराचा आहे. ए, ई, आय, ओ, यू दिसला की 'ॲन', हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण इथे दिसण्यावर काहीच नाही, सगळं कानावर आहे. म्हणून स्वारगेटला उभी असते ती 'ॲन एस.टी. बस' आणि तिच्यामागे हॉर्न मारते ती 'अ पी.एम.पी. बस'. 'एस' म्हणताना तोंडातून आधी स्वर निघतो, 'पी' म्हणताना व्यंजन. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत डुलक्या काढणारा मुलगा 'ॲन एम.पी.एस.सी. ॲस्पिरंट', तोच गणेशखिंडीत शिकत असेल तर 'अ युनिव्हर्सिटी स्टुडंट', कारण लिहिताना यू असला तरी बोलताना 'य' येतो. 'अवर'मधला एच मुका, म्हणून 'ॲन अवर'. एवढं सगळं ऐकून झाल्यावर प्रश्न येतो, "पण स्पेलिंग तर यू-नेच सुरू होतं ना?"

'द'चं विचारू नका. लक्ष्मी रोडला तो लागत नाही, मुठेला लागतो. नदीच्या नावाला 'द' हवाच. पात्रात पाणी आहे की गाड्या लावल्यात, हे व्याकरण बघत नाही.

मग 'सिन्स'. डेक्कन क्वीन 1930 पासून धावते आहे, हे मराठीत वर्तमानकाळात झकास बसतं. तेच उचलून लोक 'इज रनिंग सिन्स 1930' लिहितात. तिथे 'हॅज बीन रनिंग' हवं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. 'सिन्स टेन इयर्स' दिसलं की माझा लाल पेन आपोआप उघडतो.

दुकानाच्या पाटीवर 'क्लोज्ड बिटवीन 1 टू 4' असतं. आपला 'ते' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत 'फ्रॉम'ला 'टू' आणि 'बिटवीन'ला 'अँड' अशा जोड्या ठरलेल्या. अर्थात पाटी सुधारली म्हणून दुकान साडेतीनला उघडेल, या भ्रमात मी नाही. 'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' मी न विचारता उडवतो. 'डिस्कशन अबाउट' चालतं, क्रियापदाला मात्र ते शेपूट नको.

'प्रीपोन'ला मात्र हात लावत नाही. शब्द आपल्याकडचा, पण ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय. शिवाय सोसायटीची सभा ठरल्या वेळेच्या आधी होणार असेल, तर मी व्याकरणात कशाला खोडा घालू?