रिव्ह्यूला उत्तर : ‘उंदीर मागितला, किडे गळ्यात मारले’

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. टॅरंटुलासाठी (म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्यासाठी) उंदीर मागितला तर आम्ही दिला नाही, वर ‘किडे गळ्यात मारले’, आणि त्यातले निम्मे क्रिकेट (खाद्य म्हणून विकतो ते रातकिडे) घरी जाऊन मेले. हे बाकीचे पाळणारेही वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

गळ्यात मारण्याचं आधी. परळच्या आमच्या दुकानात फ्रीझरमध्ये पिंकी, म्हणजे उंदराची गोठवलेली नवजात पिल्लं, कायम असतात, बॉल पायथन साप पाळणारे नेतात. एक पिंकी विकली तर मला क्रिकेटच्या डब्यापेक्षा जास्त सुटतात. त्यामुळे तुम्हाला नाही म्हणण्यात खोट माझ्याच गल्ल्याला बसली. आणि क्रिकेटचा तो डबा तुम्ही घरच्या स्लिंगसाठी, म्हणजे टॅरंटुलाच्या पिल्लासाठी, स्वतः मागून घेतलात.

आता तुमच्या रेड नीचं, म्हणजे त्या मोठ्या टॅरंटुलाचं. ती तीन आठवडे खात नाही, किड्यांनी तिचं भागत नाही, काहीतरी ‘दमदार’ हवं, असं तुमचं म्हणणं होतं. मोबाईलवरचा फोटो तुम्हीच दाखवलात. पोटावर केस झडून जो टक्कल पडल्यासारखा डाग आहे, तो जुन्या फोटोत फिकट गुलाबीसर होता. आता काळा कुळकुळीत झालाय आणि पोट तुकतुकीत दिसतंय. आत नवी कात, नवे केस तयार झालेत, ते जुन्या कातडीतून दिसताहेत. कात टाकायच्या आधी टॅरंटुला खाणं सोडतेच. मोठी रेड नी तर कधीकधी महिनोन्‌महिने तोंड लावत नाही आणि तरी ठणठणीत असते. अशा वेळी पुढ्यात उंदीर ठेवा नाहीतर पुरणपोळी, ती ढुंकून बघणार नाही.

धोका मात्र आहे. कात टाकताना ती उताणी पडते, अंग लुसलुशीत असतं, सुळेसुद्धा मऊ. तेव्हा टाकीत एखादा जिवंत क्रिकेट राहिला तरी तो तिला कुरतडतो. मग जिवंत उंदीर काय करेल? म्हणूनच मी त्या दिवशी ‘तिला सध्या क्रिकेटही टाकू नका, फक्त पाण्याची वाटी भरलेली ठेवा’ असं सांगितलं होतं. रिव्ह्यूत ते राहून गेलं. जिवंत उंदीर आम्ही कुणालाच विकत नाही, आणि तुमच्या मित्राला रील बनवायची होती म्हणून तर नाहीच नाही.

तुम्ही गोलियथ जातीची टॅरंटुला उंदीर खातानाच्या व्हिडिओचा दाखला दिलात. खाते ना, मिळाला तर खाते. पण दक्षिण अमेरिकेच्या जंगलात तिचं रोजचं खाणं म्हणजे गांडुळं आणि किडे. ‘पक्षी खाणारी’ हे नाव या कोळ्यांना चिकटलं ते मारिया सिबिला मेरियन यांच्या १७०५ सालच्या एका चित्रावरून. सूरिनाममधला कोळी हमिंगबर्ड खातोय, असं ते चित्र. तेव्हाचं व्हायरलच म्हणायचं.

टॅरंटुला घास चावून गिळत नाही. भक्ष्यावर पाचकरस सोडते, झालेला रस शोषते आणि उरलेला चोथा गोळा करून टाकते. क्रिकेटचा चोथा वाटाण्याएवढा, चिमट्याने उचलला की काम झालं. उंदराचं उरतं ते केस, हाडं आणि कुजकं मांस. आपल्या जुलैतल्या दमट हवेत बंद टाकीत दुसऱ्याच दिवशी घाण सुटते, मग माश्या, माइट्स (अगदी बारीक किडे), आणि टाकीच्या तळाचं कोकोपीट सगळं बदलायचं. शिवाय खाऊन पोट फुगलेली टॅरंटुला काचेवरून पडली आणि पोट फुटलं, तर ती सहसा वाचत नाही. उंदरातल्या कॅल्शियममुळे कात अडकते असंही बरेच जण छातीठोकपणे सांगतात. त्याला पुरावा नाही, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही.

जाताना तुम्ही म्हणालात, ‘चाळीत उंदीर फुकट मिळतात.’ कृपा करून तसं करू नका. महापालिकेचा कीटकनाशक विभाग विषारी गोळ्या टाकतो, सोसायट्या स्वतःही टाकतात. उंदराने काय खाल्लंय ते कळत नाही. पावसाळ्यात उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोचा धोका तुम्हाला स्वतःलाही आहेच. स्वयंपाकघरातल्या झुरळांनाही हाच नियम, पेस्ट कंट्रोलचं जेल खाल्लेलं झुरळ तिच्या पोटात जायला नको. झुरळच द्यायचं तर पाळलेलं डुबिया जातीचं द्या.

मेलेल्या क्रिकेटबद्दल. डबा देताना ते उड्या मारत होते, तुमच्यासमोर मोजले. नंतर झाकण घट्ट लावून डबा पिशवीत, पिशवी लोकलच्या गर्दीत. ओल धरली की क्रिकेट पटापट मरतात. घरी गेल्यावर जाळीच्या झाकणाच्या मोठ्या डब्यात सोडा, अंड्यांचा कोरडा ट्रे, थोडा कोंडा आणि गाजराचा तुकडा ठेवा. पाण्याची वाटी नको, बुडतात.

तिने कात टाकली की दहा-बारा दिवस हात लावू नका. सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाले की तिच्या पोटापेक्षा लहान एक क्रिकेट टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्ला नाही तर काढून घ्या. मग आठवड्याला एखाद-दुसरा पुरे. टाकलेली कात ओली असतानाच उघडून बघितलीत तर नर की मादी तेही कळेल. दुकानात आणलीत तर मी बघून सांगेन, त्याचे पैसे घेत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.