हार्ड डिस्क दिसत नाही म्हणजे ती मेली, असं कोण म्हणतं?

कॉम्प्युटरला हार्ड डिस्क दिसेनाशी झाली की काय करायचं, याचा एक पाच कलमी मेसेज थोड्याफार फरकाने ग्रुपांवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: विंडोज टाकतानाच्या सेटअपमध्ये डिस्क दिसली नाही तर ती मेली, नवी घ्या. विंडोजची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर कॉपी केली की तो पेनड्राइव्ह किंवा ती डीव्हीडी बूटेबल झाली, म्हणजे तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो. जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर होय म्हणा. तरी उघडली नाही तर चेकडिस्क चालवा. आणि काहीच जमलं नाही तर डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं एकही कलम जसंच्या तसं पाळू नये, आणि शेवटची तीन तर वाचू शकणारा डेटा घालवणारी आहेत. कुणाच्या डिस्कवर मुलांचे लहानपणचे फोटो असतात, कुणाच्या दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब, कुणाचा प्रबंध. त्यामुळे हा मेसेज नुसता वाचून सोडून देववत नाही.

पहिलं कलम सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते ऐकून लोक धडधाकट डिस्क टाकून देतात. ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही, हे आधी बघायला हवं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसत नाही, बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या सेटअपला दिसत नाही, आणि सेटअपला दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, हे तीन वेगळे आजार आहेत.

मधला प्रकार हल्ली फार होतो. लॅपटॉप चांगला, एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) नवी, बायोसमध्ये तिचं नावही येतं. पण विंडोज टाकायला बसलं की ‘कुठे टाकायचं’ या पडद्यावरची यादी रिकामी आणि खाली ड्राइव्ह सापडत नसल्याची सूचना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडी सांभाळणारी सोय कंपनीकडूनच चालू करून येते. एनव्हीएमई, म्हणजे हल्लीच्या वेगवान जातीची, एसएसडी या व्हीएमडीच्या मागे जाते आणि तिथपर्यंत पोचायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजच्या सेटअपमध्ये बऱ्याचदा नसतो. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

उपाय त्याच पडद्यावर असतो: ‘लोड ड्रायव्हर’. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर आपलं मॉडेल टाकून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवायचा आणि पेनड्राइव्हवर ठेवायचा. इथे अनेक जण अडकतात. तो ड्रायव्हर सहसा ईएक्सई फाइल म्हणून येतो आणि सेटअपला तसा चालत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल एक्स्ट्रॅक्ट करून आत आयएनएफ फाइल असलेला फोल्डर सापडला पाहिजे, आणि ब्राउझ करून तोच फोल्डर दाखवला पाहिजे. योग्य ड्रायव्हर मिळाला की रिकाम्या यादीत डिस्क लगेच उमटते.

दुसरा मार्ग म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं. कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकायचं असेल तर हा मार्ग ठीक. मात्र आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर हे केलंत तर निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येण्याची दाट शक्यता असते. घाबरू नका, सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज परत चालू होतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर बायोसमधल्या अशा बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसला हात लावायच्या आधी ती कागदावर उतरवून घ्या.

असेंबल केलेल्या पीसीवर जुनं विंडोज एक्सपी टाकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तेव्हा साटा केबलने जोडलेली डिस्क एएचसीआय या नव्या मोडमध्ये असली की एक्सपीच्या सेटअपला दिसत नसे. सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, नाहीतर बायोसमध्ये जुना आयडीई मोड करावा लागे. तेव्हाही कित्येक चांगल्या डिस्क ‘गेल्या’ ठरल्या.

बायोसमध्येच दिसत नसेल तर मामला जरा गंभीर, पण लगेच शोक नको. डेस्कटॉपची डेटा केबल आणि पॉवर केबल काढून घट्ट बसवा, डेटा केबल बदलून बघा, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरा. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायच्या खाचेत) एसएसडी बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल उघडतो कोण! एम.२ आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या, साटा आणि एनव्हीएमई. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटावाली बसवली तर ती बसते, स्क्रूही लागतो, पण दिसत नाही.

दुसरं कलम बूटेबल पेनड्राइव्हचं. आयएसओ फाइल म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते. सीडीवरून बूट कसं व्हावं हे १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ नावाच्या मानकात ठरवलं. बूटची माहिती त्या प्रतिमेच्या आत ठरल्या जागी असते. ती फाइल डीव्हीडीवर नुसती कॉपी केली की डीव्हीडीवर एक मोठी फाइल जाते, बूट काही होत नाही. विंडोज ७ पासून आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ म्हणायची सोय आहे. झाल्यावर डीव्हीडी उघडून बघा: बूट, ईएफआय, सोर्सेस असे फोल्डर दिसले तर काम झालं, एकच आयएसओ दिसली तर चकती वाया गेली. त्यात विंडोज ११ ची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावतच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आयएसओ माउंट करून, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडून, आतल्या फाइली फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकल्या तर यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था) असलेलं मशीन त्यावरून बूट होऊ शकतं. पण फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल राहत नाही, आणि विंडोजची मुख्य इन्स्टॉल फाइल हल्ली हमखास त्याच्या वर जाते. म्हणून मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस हे बूटेबल पेनड्राइव्ह बनवणारे प्रोग्रॅम वापरणं सोयीचं. रुफसमध्ये जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर आणि नव्यासाठी जीपीटी निवडा; डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशनांची, नोंद ठेवायच्या या जुनी आणि नवी पद्धती. दोन्ही टूल पेनड्राइव्ह पूर्ण पुसतात, तेव्हा त्यावरचं सामान आधी हलवा.

आणि डिस्कची शंका असेल तर बूटेबल पेनड्राइव्हचा पहिला उपयोग विंडोज टाकणं हा नाहीच. त्यावर उबुंटू (लिनक्सची एक आवृत्ती) घ्या, ‘ट्राय’ म्हणून काहीही इन्स्टॉल न करता चालवा आणि डिस्क दिसते का बघा. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असल्याने सेटअपला न दिसलेली एसएसडी इथे बहुतेक वेळा दिसते. तिथूनच फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेता येतात.

‘इनिशियलाइझला ओके म्हणा’ या कलमाचा मला राग येतो. कोरी डिस्क दुकानातून आणली असेल तर इनिशियलाइझ करायलाच हवं, आणि २ टीबीहून मोठी असेल तर जीपीटीच निवडायला हवं. पण जिच्यावर डेटा आहे तिच्याबाबत हा प्रश्न आला, तर डिस्कच्या सुरुवातीची पार्टिशनची नोंद विंडोजला वाचता आलेली नाही, एवढंच कळतं. ओके म्हटलं की तिथे नवी नोंद लिहिली जाते. अशा वेळी ‘कॅन्सल’ हेच उत्तर. पार्टिशनची नोंदच बिघडली असेल तर टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेली पार्टिशनं बऱ्याचदा शोधून देतं. लिनक्सवर वापरलेली डिस्क विंडोजला लावली तरी फॉरमॅटचा प्रश्न येऊ शकतो. ती डिस्क ठणठणीत असते, विंडोजला तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची पद्धत, कळत नाही इतकंच. कधी तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन व्यवस्थित दिसतं आणि फक्त ड्राइव्ह लेटर नसतं. ते दिलं की काम झालं.

चेकडिस्क फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवतं, डिस्क दुरुस्त करत नाही. हिशेब जुळवताना ते डिस्कवर लिहितं आणि न जुळणारे तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हे तासन्‌तास चालवणं म्हणजे तिचा उरलेला जीव काढून घेणं. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडून ‘स्मार्ट’चे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींतले मूळ (‘रॉ व्हॅल्यू’चे) आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतो आहे. सी७ एकटाच वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. पृष्ठभाग खराब असेल तर लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडणारा भाग मागे ठेवतं आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. टेस्टडिस्क, चेकडिस्क, जे काही करायचं ते त्या प्रतीवर.

फ्रीझरचा उपाय जुन्या काळचा आहे. तेव्हा अडकलेली डिस्क थंडीने आकसून क्वचित थोडा वेळ चालून जाई. आजच्या डिस्कमध्ये डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या धातूवर दव धरतं, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर लगेच. त्या ओलाव्यात डिस्क फिरवली तर जो डेटा लॅबमध्ये निघाला असता तोही जातो. एसएसडीला हेडही नाही आणि तबकडीही नाही, तिला गारठवून काहीच मिळत नाही.

डिस्कमधून ‘टक्‌, टक्‌’ असा ठरावीक आवाज येत असेल तर पॉवर लगेच काढा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. झाकण घरी उघडू नका, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाही उघडू देऊ नका. ते काम क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं. तिथे देताना आवाज कधीपासून येतो आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सगळं सांगा. खर्चाचा अंदाज आधी घ्या, आणि डेटा निघाला नाही तर किती पैसे द्यावे लागतील तेही लिहून घ्या.