पॅनल हवंच आहे, पण फळा काढू नका

शनिवारी शाळेत पालकसभा होती. एक बाबा मागून उठले आणि म्हणाले, मॅडम, वर्गात एवढा मोठा टीव्ही बसवलाय आणि आमचा मुलगा सांगतो की तुम्ही भूमितीच्या तासाला अजून खडूनेच शिकवता, मग ते बसवलंय कशाला? प्रश्न अगदी रास्त होता, आवाजात राग पण नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. पण सभेत पुढे फी, स्कॉलरशिपचे फॉर्म, आधारची झेरॉक्स असं सगळं होतं, दोन मिनिटांत मला ते नीट सांगता आलं नाही आणि घरी येऊन रुखरुख लागून राहिली. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

मी मुंबईत एका अनुदानित मराठी शाळेत 21 वर्षं गणित शिकवते, आठवी ते दहावी. वर्गात साठच्या वर मुलं, खिडकीतून लोकलचा आवाज, पावसात भिंतींना ओल. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तीन वर्गांत 75 इंची पॅनल, म्हणजे टीव्हीसारखे बोटाने चालणारे मोठे पडदे, बसवून दिली, त्या मुलांबद्दल मनात फक्त कृतज्ञता आहे, त्यातले कित्येक माझ्याच हाताखालून गेलेत. आणि मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, कारण असं काही लिहिलं की लगेच "जुन्या शिक्षकांना बदल नको असतो" म्हणतात लोक. पॅनल बसलं तेव्हा सगळ्यात आधी ते शिकून घेणाऱ्यांत मी होते, मे महिन्याच्या सुट्टीत घरी बसून स्लाइड्स बनवल्या होत्या.

झालं काय ते सांगते. जूनमध्ये दहावीला पहिलाच धडा समरूपता. त्यात प्रमाणाचं मूलभूत प्रमेय येतं, त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली तर ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. मी कंपनीकडून पॅनलसोबत आलेला तयार पाठ लावला. सुंदर रंगीत आकृती, एबीसी त्रिकोण, समांतर रेषा एबी ला पी मध्ये आणि एसी ला क्यू मध्ये छेदणारी, मग पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळं ओळीने येतंय, मागे एक बाई गोड आवाजात वाचतेय. दहा मिनिटांत प्रमेय संपलं. एरवी मला त्याला पूर्ण तास लागतो, कधी दीड. मुलं खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी म्हटलं वही बंद करा आणि सिद्धता लिहा, तर साठातल्या पाच-सहा जणांना जमली, बाकीच्यांनी आकृती काढून पक्ष-साध्य लिहून पेन खाली ठेवलं. आणि दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पीसी आणि बीक्यू या रेघा काढायच्या हे आपल्याला आधी कसं कळणार?"

केवढा मोठा प्रश्न आहे तो. भूमितीत सगळी गंमत त्या रचनेतच असते. बाकीची सिद्धता म्हणजे हिशोब, पण ती जोडरेघ सुचणं म्हणजे गणित, आणि स्लाइडवर ती रेघ आधीच काढलेली होती, निळ्या रंगात, तुटक, जणू ती तिथे कायमच होती.

फळ्यावर मी काय करते तर एबीसी त्रिकोण काढते, समांतर रेषा काढते, ती एबी ला पी मध्ये आणि एसी ला क्यू मध्ये छेदते, आणि मग खडू हातात धरून नुसती उभी राहते. आता काय करू? कोणीतरी म्हणतं, मॅडम, ए पासून लंब टाका. टाकते. दोन मिनिटं सगळा वर्ग त्या वाटेने जातो आणि मग एखादा म्हणतो, अहो, पण यात तर जे सिद्ध करायचंय तेच वापरावं लागतंय. पुसते. पुसताना हाताला जो खडू लागतो ना तो पण त्या शिकण्याचा भाग आहे असं मला मनापासून वाटतं, कारण मुलं बघतात की मॅडमनी पण पुसलं, वाट चुकणं चालतं. मग मी विचारते, आपल्याला गुणोत्तर हवंय ना, मग या धड्याच्या सुरुवातीला गुणोत्तराबद्दल काय शिकलो? क्षेत्रफळं, समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात. मग एबी वर एपी आणि पीबी हे पाये असलेले दोन त्रिकोण हवेत, ते कुठून आणायचे? इथे वर्ग एकदम शांत होतो आणि मग कोणीतरी, बहुतेक वेळा हुशार म्हणून नाव नसलेलं कोणीतरी, हळूच म्हणतं, "बी ला क्यू शी जोडूया का?" त्या क्षणासाठी मी शिक्षक झाले हो. एकदा बीक्यू निघाली की सीपी आपोआप निघते, आणि पीक्यूबी आणि पीक्यूसी या दोघांचा पाया एकच आणि समांतर रेषांमधली उंची एकच म्हणून क्षेत्रफळं सारखी, हे मुलं स्वतः ओरडून सांगतात.

कोणी म्हणेल स्लाइडमध्ये पण अॅनिमेशन टाकून एक एक ओळ आणता येते. येते, मी करून बघितलंय. पण पुढची ओळ काय आहे हे त्या स्लाइडला आधीच माहीत असतं. मुलाने लंब टाका म्हटलं तर स्लाइड लंब टाकत नाही, तिला फक्त पुढे जाता येतं. मग शिक्षक काय करतो, तर मुलाचं उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि बटण दाबतो. हे मी स्वतः केलंय त्या जूनमध्ये, एका मुलाने हात वर केला होता आणि मी "थांब, येतंय पुढे" म्हणाले. अजून टोचतं ते मला.

बीएडला आम्हाला सूक्ष्म अध्यापनात फलकलेखन हे वेगळं कौशल्य म्हणून शिकवायचे. फळ्याचे भाग कसे पाडायचे, आकृती कुठे ठेवायची म्हणजे ती शेवटपर्यंत पुसावी लागणार नाही, कच्चं काम कोणत्या कोपऱ्यात करायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आता कळतं की ते किती विचारपूर्वक होतं. फळा राहतो. तास सुरू होताना काढलेली आकृती घंटा होईपर्यंत समोर असते आणि मागचा मुलगा मध्येच हरवला तर नजर डावीकडे नेऊन पुन्हा धागा पकडतो. स्लाइड बदलली की आधीचं गेलं, आणि साठ मुलांत "मॅडम, मागे घ्या ना" म्हणायची हिंमत तिघा-चौघांनाच असते.

आता माझी खरी तक्रार. आमच्या वर्गातला फळा 12 फुटांचा होता, भिंतभर. बसवायला आलेल्या माणसांनी पॅनल बरोबर मधोमध लावलं. पॅनलची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वातीन-सव्वातीन फुटांच्या पट्ट्या उरल्या. त्यावर एक सिद्धता पण सलग मावत नाही! कोणीही शिकवणाऱ्याला विचारलं नाही की कुठे लावू. बाजूच्या भिंतीवर लावलं असतं तर दोन्ही राहिलं असतं. खिडकीसमोर आल्यामुळे दुपारच्या सत्रात काचेवर उजेड चमकतो आणि डावीकडच्या दोन रांगांना अर्धी आकृती दिसत नाही, पडदे लावले तर वारा बंद, जूनच्या मुंबईत साठ मुलं आणि बंद पडदे, विचार करा.

हो, आणि भाषा. तयार पाठ मराठीत आहेत असं सांगितलं होतं, पण बघितलं तर हिंदीवरून उचललेले. त्रिकोणाला त्रिभुज, चौकोनाला चतुर्भुज, परिमितीला परिमाप. घनफळाला आयतन म्हटलंय, आणि आमची मुलं "आयतन" वाचून आयत शोधत बसली, त्यांची काय चूक? पुस्तकात एक, परीक्षेत एक आणि पडद्यावर तिसरंच. मराठी शाळेतली मुलं आधीच "इंग्लिश मीडियमला असतो तर" या ओझ्याखाली असतात, त्यात त्यांची स्वतःची गणिताची भाषा पण जर अशी उसनी दिली तर त्यांनी उभं कशावर राहायचं? यावर मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. आपल्या रणजितसिंह डिसले सरांचं उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत मुलींची घरची भाषा कन्नड होती तर सर स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं त्या भाषेत आणली, क्यूआर कोड लावून त्यामागे कविता, गोष्टी, पाठ ठेवले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचीच बातमी झाली, पण मला त्यातलं मोठं काय वाटतं तर शिक्षकाने समोरच्या मुलाची भाषा बघून स्वतः पाठ केला हे.

आता पॅनलचं चांगलं सांगते, नाहीतर त्या बाबांना वाटेल मी फक्त रडतेय. वर्तुळाचा धडा. एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन समान असतात. हे फळ्यावर मी 18 वर्षं शिकवलं, चार-पाच कोन काढायचे, कोनमापकाने मोजायचे, फळ्यावरच्या मोठ्या कोनमापकाने कधी 34 येतो कधी 37, आणि मग "साधारण सारखेच आहेत बघा" म्हणायचं. गेल्या वर्षी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडलं, फुकट मिळतं ते कोणालाही. वर्तुळ, एबी जीवा, वर्तुळावर सी बिंदू, कोनाचं माप बाजूला. एका मुलाला बोलावलं आणि म्हटलं बोटाने सी सरकव. तो सरकवतोय आणि कोन 35, 35, 35. आकृती पार बदलतेय, त्रिकोण लांबडा होतोय, चपटा होतोय, आकडा हलत नाही. वर्गात अशी शांतता मी क्वचित बघितलीय. आणि मग त्याने बोट जरा जास्तच नेलं, सी बिंदू बी ओलांडून खालच्या कंसावर गेला आणि आकडा एकदम 145 झाला. सगळे ओरडले, मॅडम, बिघडलं! बिघडलं नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नाही, तो म्हणाला "दोघांची बेरीज एकशे ऐंशी होतेय." चक्रीय चौकोनाचं प्रमेय, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180, पुढच्या आठवड्यात होतं, ते त्या मुलाने तिथेच शोधून काढलं. मग पॅनल बंद केलं आणि "का" हे फळ्यावर घेतलं, त्या सव्वातीन फुटांत कसंबसं. हे मला 18 वर्षांत खडूने जमलं नव्हतं, कधी जमलंही नसतं.

म्हणजे जे हलतं, जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते पडद्यावर दाखवावं. विज्ञानाच्या बाई पेशी दाखवतात, फेट या वेबसाइटवरची मराठीतली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, लावतात, मुलं स्वतः व्होल्टेज वाढवतात, बल्बचा उजेड वाढताना बघतात, उत्तम आहे ते. पण जिथे विचार एकेक पाऊल टाकत जातो तिथे हाताच्या वेगानेच जावं लागतं.

स्लाइड्स ज्यात बनवतात ते पॉवरपॉइंट 1987 मध्ये आलं ते मुळात ऑफिसातल्या लोकांना ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक शीट्स, पटकन बनवता याव्यात म्हणून. वर्गासाठी कोणी बनवलं नव्हतं ते. सात ओळी, मोठा मथळा, समोरच्याला पटवायचं. पटवणं आणि शिकवणं यात फरक आहे ना? रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं प्रयोग करून हेच दाखवलंय की चित्र आणि बोलणं एवढंच असेल तर माणूस जास्त शिकतो, त्यात तेच वाक्य पडद्यावर पण लिहिलं की शिकणं कमी होतं, डोळे वाचण्यात अडकतात. आणि आपल्या तयार पाठांत नेमकं तेच आहे, गोड आवाजातली बाई पडद्यावरचं वाक्य वाचते.

कल्पना चावला आठवतात ना? 1 फेब्रुवारी 2003, कोलंबिया यान, सात अंतराळवीर. यान वर असतानाच इंजिनिअरांना माहीत होतं की उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळलाय. त्यावर स्लाइड बनली, मथळा धीर देणारा. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात होतं की चाचण्यांतला तुकडा होता 3 घन इंचाचा आणि खरा आदळलेला 1920 घन इंचाचा. 640 पट! चौकशी समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या रिपोर्टमध्ये ती स्लाइड छापली आणि नीट लिहिलेल्या टेक्निकल पेपरऐवजी स्लाइड्सवर भागवायच्या सवयीवर बोट ठेवलं. यान फक्त स्लाइडमुळे पडलं असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण एवढ्या शिकलेल्या माणसांच्या नजरेतून जर तळाची ओळ निसटते तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं काय? हे मी दरवर्षी दहावीला सांगते, घनफळ शिकवताना, 1920 भागिले 3 त्यांनाच करायला लावते.

तर त्या बाबांना माझं उत्तर असं की पॅनल वापरते, आठवड्यातून दोन-तीन तास, आणि त्या तासांची तयारी घरी रात्री करते. पण शाळेत आता एक रजिस्टर आलंय, कोणत्या वर्गात पॅनल किती मिनिटं चालू होतं ते रोज लिहायचं. मिनिटं मोजतात, कोणाला काय कळलं ते कोणी विचारत नाही. त्यामुळे काही शिक्षक नुसतं चालू करून ठेवतात, मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्यावर पण दबाव आहे. पालकांनी सभेत जरूर प्रश्न विचारावेत, फक्त "किती वेळ लावता" याच्याऐवजी "त्यावर काय दाखवलं" असं विचाराल का? खूप फरक पडेल, मुख्याध्यापकांना पण मग तेच विचारावं लागेल.

आणि ज्या शाळांत पुढच्या वर्षी पॅनल बसणार आहेत तिथल्या शिक्षकांनो, बसवायला माणसं येतील त्या दिवशी रजा घेऊ नका, स्वतः उभे राहा, बाजूच्या भिंतीवर लावून घ्या, खिडकी कुठे आहे ते आधी दाखवा. मी त्या दिवशी पेपर तपासायला बोर्डाच्या ड्युटीवर होते. आता आमचं पॅनल डावीकडे सरकवायचं म्हटलं तर वायरिंग पुन्हा करावी लागेल, इलेक्ट्रिशियनने खर्चाचा आकडा दिलाय, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी काल टाकलाय. दिवाळीच्या सुट्टीत झालं तर बरं होईल, त्यानंतर निर्देशक भूमिती सुरू होते आणि त्याला मला आलेखाचा फळा सलग लागतो.