बीपीच्या गोळीत पॅलेडियम ‘मिसळतात’ म्हणणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : गाडीच्या सायलेन्सरमध्ये वापरतात तो पॅलेडियम धातू कंपन्या स्वस्त पडतो म्हणून बीपीच्या गोळीत मिसळतात, तो शरीरातून कधीच बाहेर जात नाही, २०१८ मध्ये गोळ्या परत मागवल्या त्या याच कारणाने, ट्रान्झिशन मेटल (लोह, पॅलेडियम अशा धातूंचा गट) म्हणजे सगळं विषच, तेव्हा गोळ्या बंद करा आणि रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं लिंबूपाणी प्या.

माझ्या आत्तीने हे वाचून गोळी बंद केली. कुणाला बोलली नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हा तिच्या मुलाने बीपी तपासून आणलं आणि मग डब्यातली भरलेली स्ट्रिप सापडली. विचारलं तर म्हणाली, “सगळ्यांनी पाठवलंय न्हवं, खोटं कसं असंल?” मी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. निदान मला तरी एकदा विचारायचं! आता हे सविस्तर लिहिते, आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आधी ते ‘स्वस्त पडतो म्हणून’. २०२० आणि २०२१ मध्ये बहुतेक काळ पॅलेडियम सोन्याहून महाग होतं. गुजरीत कुठल्याही सराफाला विचारा, सोन्याहून महाग वस्तू कोणी भेसळीला वापरतं का.

आता ‘मिसळतात’. आत्तीची गोळी लोसार्टनची. या रेणूत दोन बेंझीन वलयं (सहा कार्बनची कडी) एकमेकांना जोडलेली असतात आणि ती नेमक्या एकाच जागी जोडणं हेच अवघड काम. पूर्वी अशी वलयं जोडायला उलमान या रसायनशास्त्रज्ञाची १९०१ ची पद्धत होती : तांब्याची पूड आणि दोनशे अंशांच्या आसपासचं तापमान. दोन वेगळे तुकडे घेतले तर पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असेही जोडले जायचे, आणि त्या खिचडीतून हवा तो पदार्थ वेगळा काढत बसायचं. मर्क या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये लोसार्टनची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात हे काम पॅलेडियम करतं. एका तुकड्यावर ब्रोमीन, दुसऱ्यावर बोरॉन. पॅलेडियम कार्बन आणि ब्रोमीनच्या मध्ये शिरतं, बोरॉनकडून दुसरं वलय घेतं, दोन्ही वलयं एकमेकांना जोडतं आणि स्वतः सुटं होऊन पुढच्या रेणूकडे जातं. रेणूच्या बाकीच्या भागाला हात लावत नाही. ही सुझुकीची अभिक्रिया. अकिरा सुझुकी, रिचर्ड हेक आणि एइची नेगिशी यांना २०१० चं नोबेल पॅलेडियमच्या याच जोडकामासाठी मिळालं.

आत्तीचा मुलगा शिरोलीला फौंड्रीत आहे, त्याला मी असं सांगितलं : पॅलेडियम म्हणजे तुमचा पॅटर्न, वस्तूचा नमुना. पॅटर्नवरून साचा घेतात, ओतकाम साच्यात होतं, पॅटर्न काही कास्टिंगमध्ये जात नाही. कास्टिंगला चिकटून राहते ती थोडी वाळू, आणि ती फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग साफ करताना, निघते. त्याला लगेच पटलं.

ती वाळू मात्र खरी आहे, तेवढं मान्य करते. पॅलेडियमचा अंश मागे राहू शकतो. म्हणून तर कारखान्यात सक्रिय कोळशातून गाळतात, पॅलेडियमला धरून ठेवणारी गंधकयुक्त सिलिका वापरतात, पुन्हा स्फटिक करून घेतात. किती अंश चालेल हेही ठरलेलं आहे. आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘क्यू३डी’ या मार्गदर्शिकेत तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. तोही रोज, आयुष्यभर घेतलं तरी चालेल असा हिशेब करून. शिशाला याच यादीत फक्त ५ मायक्रोग्रॅम. धातूधातूंत फरक करणारी माणसं हे काम करतात, मेसेज लिहिणारा करत नाही. शिवाय लोसार्टन बनवणारा प्रत्येक कारखाना पॅलेडियमच वापरतो असंही नाही.

‘कधीच बाहेर जात नाही’ हे उलटं आहे. प्राण्यांवरच्या अभ्यासात तोंडावाटे दिलेल्या पॅलेडियमच्या क्षारातला एक टक्काही आतड्यातून शोषला गेला नाही, बाकी सगळं विष्ठेतून गेलं.

२०१८ मध्ये गोळ्या परत मागवल्या हे खरं आहे. पण ती मुख्यतः व्हॅल्सार्टन ही बीपीची दुसरी गोळी होती आणि कारण एनडीएमए नावाचं नायट्रोसअमाइन, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन. चीनमधल्या एका उत्पादकाने प्रक्रिया बदलली आणि तिथे वापरलेला द्रावक आणि सोडियम नायट्राइट यांतून ते तयार झालं. गंभीर चूक होती, लोकांचा राग रास्त होता. धातूचा त्यात काही संबंध नव्हता.

‘सगळं विषच’ म्हणणाऱ्याने रक्तातलं लोह आणि बी-१२ मधला कोबाल्ट कुठे ठेवायचा? पुढे.

सगळ्यात वाईट ते लिंबूपाणी. तांबं हेही ट्रान्झिशन मेटलच. पहिल्या चार ओळींत ज्याला विष म्हटलं तेच पाचव्या ओळीत औषध म्हणून प्यायला सांगितलंय, आणि तेही लिंबू पिळून, रात्रभर! आपल्या आज्यांना हे कळत होतं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, चिंच, आमटी ठेवत नसत, कळकतं म्हणून. आंबटात तांबं विरघळतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आम्ल घालून रात्रभर ठेवल्यावर ती ओलांडली जाऊ शकते, मग मळमळ आणि उलट्या. साधं पाणी तांब्याच्या कळशीत ठेवायला माझी हरकत नाही. पण त्याने रक्तदाब उतरत नाही, आणि गोळी अचानक थांबवली की तो चढतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचं एक मोठं कारण असा चढलेला रक्तदाबच.

‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ असंही खाली लिहिलंय. क्यू३डी आयसीएचच्या संकेतस्थळावर फुकट आहे, कोणीही उघडून वाचावी.

ग्रुपमधल्या ज्यांनी गोळी बंद केली असेल त्यांनी उद्याच बीपी तपासून घ्या आणि किती दिवस बंद होती ते डॉक्टरांना खरं सांगा. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका. आणि ज्याने हा मेसेज टाकला त्याने तो त्याच ग्रुपवर, नाव घेऊन, चुकीचा आहे असं लिहावं. नुसता डिलीट करू नये, कारण वाचणाऱ्यांनी तो आधीच वाचलाय.