नेड केली आणि ‘पोलिसांचा चष्मा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रेलियन दरोडेखोर नेड केली याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंय, पण मुद्द्याला धरून लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमचा आक्षेप असा: मी पोलिसांचे कागद आणि तेव्हाची वर्तमानपत्रं प्रमाण मानली आणि इंग्रजांशी झुंजणाऱ्या गरीब आयरिश पोराला खुनी ठरवलं.

पण ‘खुनी’ हा शब्द मी पोलिसांच्या दप्तरातून उचललेला नाही. २६ ऑक्टोबर १८७८ला स्ट्रिंगीबार्क क्रीक या ओढ्याकाठी तीन पोलीस कसे मेले, ते मी जेरिल्डरीच्या पत्रावरून लिहिलं. नेडने तोंडी सांगितलेलं आणि त्याचा साथीदार जो बर्नने उतरवून घेतलेलं ते जवळपास ८ हजार शब्दांचं पत्र. त्या पोलिसांपैकी सार्जंट केनेडी कसा मेला हे त्यात नेडच सांगतो. काखेत गोळी लागली, तो पळाला, शरण यायला वळला, आणि नेडने पुन्हा गोळी झाडली. त्याचं रिव्हॉल्व्हर गळून पडलंय हे आपल्याला ठाऊक नव्हतं, म्हणतो. मग त्याचाच डगला त्याच्या अंगावर पांघरला. त्या डगल्यापाशी मी दोन दिवस अडकून होतो. पश्चात्ताप म्हणायचा, की लोकांपुढे बाजू मांडायची तयारी? अजून ठरत नाही.

आणि ‘इंग्रज विरुद्ध आयरिश’ हे गणित इथे बसत नाही हो. तिथे मेलेले केनेडी, स्कॅनलन, लोनिगन तिघेही आयर्लंडात जन्मलेले. फाशी सुनावणारे न्यायमूर्ती रेडमंड बॅरीसुद्धा कॉर्कचेच! भांडण बड्या जमीनदारांचं आणि तुकडाभर जमीन कसणाऱ्यांचं होतं. पोलीस कोणाच्या बाजूने होते, हे तुमचं बरोबर.

दोन ठिकाणी मात्र पकडलंत मला. ते पत्र छापून यावं म्हणून नेडची धडपड होती. जेरिल्डरी गावातला छापखानावाला पळून गेलेला, म्हणून ते तिथल्या बँकेच्या हिशेबनिसाच्या हाती दिलं. नेडच्या हयातीत ते पूर्ण छापलंच गेलं नाही. म्हणजे तेव्हाची वर्तमानपत्रं वाचताना एका पक्षाचं तोंड आधीच बांधलेलं असतं. हे लेखात यायलाच हवं होतं. दुसरं, एलन केली. तान्हं मूल पदरात असताना नेडच्या आईला ३ वर्षांची शिक्षा झाली, ती फिट्झपॅट्रिक नावाच्या पोलीस शिपायाच्या साक्षीवर. पुढे १८८०मध्ये त्यालाच दलातून बडतर्फ केलं. मी यावर एक ओळ खर्चली. चूक मान्य, दुरुस्त करतो.

‘सच इज लाइफ’ (‘आयुष्य असंच असतं’) हे नेडचे म्हणून सांगितले जाणारे शेवटचे शब्द मी गाळले, ते मुद्दाम. ११ नोव्हेंबर १८८०च्या त्याच्या फाशीचे बातमीदारांचे वृत्तान्त एकमेकांशी जुळत नाहीत. ते वाक्य काही परत घालणार नाही.