घरी रायफल बनवण्याच्या मेसेजबद्दल खुलासा

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: रानडुकरांसाठी घरच्या घरी स्वस्तात नेमबाज रायफल बनवा, स्वतःच्या शेतापुरती असेल तर लायसन लागत नाही. मीही तो चार जणांना पाठवला होता. चूक झाली, माफी असावी.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ मी नीट वाचलं. बंदूक बनवायलाच परवाना लागतो. शेतासाठी म्हणून सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवल्यास किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. खेळण्यातली बंदूक खरी करणं हाही गुन्हाच, कलम ६.

आणि मेसेजमध्ये बंदुकीची नळी म्हणून सांगितलेला तो पाण्याचा पाइप! लेथवर काम करणाऱ्या भाच्याने पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून दाखवला. आतून बोट फिरवलं तर वेल्डिंगची शिवण सरळ हाताला लागते. काडतुसाचा दाब आला की तो तिथूनच फाटणार, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. नेम तर दूरच; गोळीला फिरकी देणारे आटे नळीत नसतील तर ती भरकटते.

डुकरांनी नुकसान केलं तर लगेच वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. तो मेसेज पुढे पाठवू नका भाऊ, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.