म्हातारा कुत्रा, लसूण आणि जळकं ऑइल: त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला परभणीहून मावशीचा फोन. "लेकरा, ह्याला परत घेऊन जा बाबा. ग्रुपवर आलंय, गोचीडतापाचा कुत्रा जगत नसतो अन् घरच्यांनाबी लागतो म्हणून." ह्याला म्हणजे भुऱ्याला. वय दहाच्या पुढे. आमच्या शेल्टरमध्ये आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं, प्लेटलेट पार घसरलेल्या. ताप उतरल्यावर मावशीनं त्याला गोळ्यांच्या पाकिटासकट घरी नेलं. फोन आला तो गोळ्यांचा अकरावा दिवस होता.

"शेल्टरमधला म्हातारा कुत्रा घरात घेण्याआधी हे वाचा" अशा मथळ्याचा तो मेसेज मलाही तिघांनी पाठवला. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या डॉक्टरचा हवाला नाही.

पहिला मुद्दा, गोचीडताप म्हणजे मरण. साफ खोटं. डॉक्टर ज्याला टिक फीवर म्हणतात त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुनं, परवडणारं औषध आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या पशुवैद्यकांच्या संस्थेनं 2002 सालीच सहमतीचं निवेदन काढून 28 दिवसांचा कोर्स सांगितला. वेळेत सुरू केलं तर बरेच कुत्रे दोन दिवसांत उठून खायला लागतात. आणि घोटाळा इथंच होतो. कुत्रा खातोय म्हणून लोक आठव्या दिवशी गोळ्या थांबवतात, आजार पुन्हा उलटतो, मग "वाचतच नाही" अशी ओरड. हो, दुखणं महिनोन्महिने अंगावर काढलेलं असेल आणि हाडांतला मगजच रक्त बनवेनासा झाला असेल, तर वाचवणं फार अवघड जातं. आम्हीही असे कुत्रे गमावलेत. पण म्हणून सगळ्यांनाच मेलेलं धरायचं?

कुत्र्याला हात लावला म्हणून हा ताप कुणाला येत नाही, तो गोचिडाच्या चाव्यातून जातो. गोचीड मात्र नखानं चिरडू नका, चिमट्यानं ओढून काढा. आणि भिंतीच्या फटी बघा, मादी तिथंच हजारो अंडी घालते.

दुसरा, लसूण खायला घातला की गोचीड गळून पडतात. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याचं रक्त या तापानं आधीच कमी झालंय, त्यालाच हा उपाय सांगताय!

आता तो मुद्दा, ज्यानं माझं डोकं फिरलं. "खरूज असेल तर गाडीचं जळकं ऑइल चोळा, आठ दिवसांत केस येतात." आपल्याकडे गॅरेजमधून बाटली भरून आणून हे सर्रास करतात, म्हणून सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एक म्हातारी कुत्री अशीच आली होती. कानापासून शेपटीपर्यंत काळी, चिकट. भांड्याच्या साबणानं तिसऱ्यांदा धुतलं तरी बादलीतलं पाणी काळंच, आणि काखेत, जांघेत कातडी सोलून लाल झालेली. ती सारखी अंग चाटत होती, म्हणजे प्रत्येक चाटण्याला ते ऑइल पोटात. त्यात इंजिनातले जड धातू असतात. यकृत, मूत्रपिंडं त्यात जातात, आणि उलटी होऊन ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. खरजेचे किडे कातडीच्या आत असतात. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा ओळखतात आणि त्याप्रमाणे औषध देतात. आता त्यावर चघळायच्या गोळ्याही आल्यात. परभणीत आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत! एक मान्य करतो, खरजेचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो. पण तो किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही, कुत्रा बरा झाला की खाजही जाते.

म्हातारपणी कुत्रा पिसाळतो, हेही त्यात आहे. पिसाळणं विषाणूनं येतं, वयानं नाही, आणि त्याची लस आहे. म्हातारा कुत्रा गुरगुरतो तेव्हा आधी दात, सांधे, डोळे तपासा.

खर्च होतो, हे खरं आहे. रक्ततपासणी, औषधं, वर्षाची लस, सगळं धरूनच हो म्हणा.

"वय झालेल्याला लळा लागत नाही." भुऱ्याला कमी दिसतं. तरी चौथ्या दिवसापासून मावशीचा हात परातीत पडला, भाकरी थापल्याचा आवाज आला, की तो अंगणातून उठून चुलीपाशी येतो आणि उंबऱ्याला पाय लावून थांबतो.

शेवटची ओळ: "घेतला असेल तर गावाबाहेर सोडून या." 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार हा गुन्हा आहे.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती भाकरीच्या तुकड्यात गोळी देते, वर पाणी पाजते आणि कालनिर्णयावर फुली मारते. आजची तेरावी. अजून पंधरा आहेत.